‘बराबर’ म्हणेपर्यंत

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कंपनीच्या मीटिंग हॉलमध्ये टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर भाजलेल्या शेंगा ओतत होत्या. मी मुलाखतीला आलो होतो. अंगावर नवा शर्ट, बगलेत फाईल. मला वाटलं, कॅन्टीनच्या असतील. म्हणालो, "मावशी, मुलाखत इथंच आहे ना?"

"इथंच हाय. बस. शेंगा खा. प्रश्न मीच विचारणारे."

झालं! नोकरी गेली, असं मी मनातल्या मनात म्हणून टाकलं आणि निमूट शेंग फोडली.

जालन्यात बियाण्यांच्या कंपन्यांना तोटा नाही. आमची त्यातली मध्यम आकाराची. बाई तिथं उत्पादन विभागाच्या प्रमुख होत्या. पन्नाशीच्या, उंच, सुती साडी आणि साडीखाली पळायचे पांढरे बूट. मोबाईल डब्याच्या पिशवीत, भाकरी आणि ठेच्याच्या मधोमध. त्यामुळे त्यांच्या मोबाईलला कायम लसणाचा वास यायचा आणि तो वाजला तरी त्यांना ऐकू यायचा नाही. पूर्वी कधी तरी त्या शाळेत शिकवायच्या म्हणे, म्हणून शेठपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना ‘बाई’च म्हणायचे.

माझ्या अर्जात वादविवाद स्पर्धांत जिंकलेल्या ढालींची यादी होती. अंबडच्या कॉलेजात असताना मी इतक्या ढाली आणल्या होत्या, की आईनं त्यातली एक पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून लावली होती. बाईंनी ते सगळं वाचलं आणि विचारलं, "शेवटची ढाल जिंकलास त्या दिवशी विरुद्ध बाजूनं कोण बोललं होतं?"

"एक मुलगी होती. परतूरची."

"काय म्हणत होती ती?"

मला आठवेना. खरंच आठवेना. तिची वेणी आठवत होती, पण मुद्दा एकही नाही.

"मंग जिंकलास कसा रे?" त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता, त्यांना खरोखर कुतूहल वाटलं होतं. उद्यापासून ये, असंही त्याच दमात सांगून टाकलं.

मीटिंगचं त्यांचं शास्त्र जगावेगळं होतं. पहिलं म्हणजे समोर बसायचं नाही. आमच्या हॉलमध्ये लांबलचक टेबल. एका बाजूला कंपनीची माणसं, दुसऱ्या बाजूला आलेली. बाई सरळ पलीकडं जाऊन पाहुण्यांच्या शेजारची खुर्ची ओढायच्या. शेठ वैतागायचे. "बाई, तुम्ही आमच्याकडून हाव का त्यांच्याकडून?" बाई म्हणायच्या, "तुमच्याकडूनच हाय शेठ, पण तिथून मला त्यांचं तोंड दिसतं, मन न्हाई दिसत."

दुसरं, शेंगा. आलेला माणूस उपाशी असो नसो, ढीग मध्ये पाहिजेच. "शेंगा फोडणाऱ्या माणसाला टेबलावर मूठ आपटता येत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. प्रोजेक्टरचा तर त्यांना भारी राग. "भिंतीकडं बघून कुणी सौदा केलाय का आजपर्यंत?"

आणि सगळ्यात मोठं म्हणजे ‘बराबर’. समोरच्याचं म्हणणं आधी आपण सांगायचं, त्याच्यापेक्षा बरं सांगायचं, आणि तो "बराबर" म्हणेपर्यंत स्वतःचं एक अक्षर काढायचं नाही. तो "तसं न्हाई" म्हणाला तर पुन्हा सांगायचं. पुन्हा "न्हाई" म्हणाला तर पुन्हा. त्यात दुपार गेली तर जाऊ द्यायची. मला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटायचा. मी सांगितलंही तसं. "बाई, आपण त्यांचीच वकिली केली तर आपली कोण करणार?"

"तू बघत राह्य," त्या म्हणाल्या.

एकदा विदर्भाकडचा एक मोठा दुकानदार आला. दारातूनच ओरडत आला. आमचं बियाणं त्याच्या दुकानात उशिरा पोचलं होतं, आणि आता तो आमची कंपनीच सोडणार होता. मी तयारीत होतो. ट्रक कधी निघाला, घाटात का अडकला, सगळे पुरावे. तोंड उघडणार तोच बाईंनी माझ्यापुढं मूठभर शेंगा सरकवल्या. म्हणजे गप्प बस.

"भाऊ, तुमचं म्हणणं असं, की ऐन हंगामात माल उशिरा आला न् नुकसान झालं."

"नुकसानीचं सोडा हो! नुकसान काय, होतच राहते!"

"मंग तुमचं म्हणणं, की फोन करून करून थकले, कुणी नीट उत्तर दिलं न्हाई."

"ते बी हाय. पण ते नाही."

बाई त्याच्याकडं नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "शेजारच्या दुकानात आधी आला होता का?"

त्या माणसाच्या हातातली शेंग हातातच राहिली. "माझं गिऱ्हाईक, बाई," तो म्हणाला, "माझ्या बापापासूनचं गिऱ्हाईक, माझ्या दुकानावरून पुढं गेलं. मी गल्ल्यावर बसून पाहत होतो."

"म्हणजे माल उशिरा आला हे दुखणं न्हाई. तुमच्या डोळ्यादेखत आधी दुसऱ्याकडं उतरला, हे दुखणं."

"बराबर!" तो एवढ्या जोरात म्हणाला, की बाहेरून चहावाला डोकावला. आणि मग एकदम मऊ आवाजात, "मग आता काय करायचं, बाई?"

पुढची मीटिंग तर मीटिंग म्हणायच्या लायकीची नव्हती. माल ट्रकातून आधी त्याच्याकडं उतरेल एवढं बाईंनी कबूल केलं, आणि त्यानं कुणी घेत नव्हतं तो आमचा नवा वाणसुद्धा दुकानात ठेवायचं मान्य केलं. जाताना शेंगा खिशात भरून घेऊन गेला.

"बघितलंस?" बाई नंतर म्हणाल्या. "समोरचा ‘आता काय करायचं’ विचारतो ना, तिथं मीटिंग आपली झाली. त्याच्याआधी कितीबी बोल, सगळं वाऱ्यावर."

हे नुसतं कामापुरतं असतं तर मी त्यांना हुशार म्हणून सोडून दिलं असतं. पण बाई चोवीस तास तशाच. मस्तगडला त्या एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायच्या. एकदा काही कागद द्यायला गेलो, तर घरमालक काका तावातावानं जिना चढून आले. बाईंच्या जास्वंदीच्या कुंड्यांतून पाणी झिरपून खाली वाळत घातलेल्या कुरडयांवर मातीचे डाग पडले होते.

"काका, तुमचं म्हणणं असं," बाईंनी सुरू केलं, "की काकूंनी हात दुखेपर्यंत चीक हाटला, वर्षाच्या कुरडया घातल्या, न् ह्या बाईच्या जास्वंदीपायी वाटोळं झालं."

"मंग काय तर!"

"आन् काकू माझ्यावर न्हाई, तुमच्यावर रागावल्या. म्हणल्या असतील, भाडेकरूला एक शब्द बोलायची हिंमत न्हाई ह्यांची."

काकांनी माझ्याकडं पाहिलं, मी खिडकीकडं पाहिलं. "बिलकुल बराबर," काका हळूच म्हणाले आणि खाली बसले. तेवढ्यात बाईंनी जिन्याच्या तोंडाशी जाऊन मोठ्यांदा हाक दिली, "काकू, काका लई बोलले हो मला! कुंड्या हलवते आत्ताच!" कुंड्या काकांनीच उचलून पलीकडं नेल्या.

ही माया होती की कावेबाजपणा, हा प्रश्न मला तेव्हापासून खातोय. एकदा न राहवून विचारलंच.

"लहानपणी माझे दोन चुलते एका अंगणात राहायचे न् एकमेकांशी बोलायचे न्हाईत," बाईंनी सांगितलं. "बांधावरून भांडण. निरोप न्यायला मी. एक शब्द इकडचा तिकडं झाला की दोघांचाबी मार मलाच. मंग मी काय करायची, निरोप देणाऱ्यालाच आधी म्हणून दाखवायची, ‘काका, असं सांगू?’ ते ‘बराबर’ म्हणले की मंग अंगण ओलांडायचं."

"मग त्यांचं मिटलं?"

"कशाचं मिटतंय! पण वाढलं न्हाई."

मला ते फार आवडलं. चार ठिकाणी सांगितलंही. मग कळलं, की आमच्या जीपच्या ड्रायव्हर मामूंना बाईंनी वेगळंच सांगितलं होतं. सासरे बहिरे होते, त्यांना प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लागायची, तिथं सवय लागली म्हणे. आणि हिशेबनिसाला तिसरंच काही. यातलं खरं कोणतं, देव जाणे!

जीपमध्ये त्यांचा आणखी एक खेळ चालायचा. जालना सोडलं, की अंबड येईपर्यंत कुणाची तरी बाजू घेऊन बोलायचं, पण स्वतःची नाही. मामू आरशातून बघत विचारायचे, "आज किसके तरफ से बोलरे भाई?" मी कधी शेठच्या तरफ से बोललो, कधी आमच्याशी भांडलेल्या हमालाच्या. एकदा बाईंनी मला त्या परतूरच्या मुलीच्या तरफ से बोलायला लावलं. मुद्दे आठवत नव्हते, तर नवे तयार करावे लागले. अंबड येईपर्यंत माझी खात्री झाली, की ती ढाल तिला मिळायला हवी होती. पिठाच्या डब्यावरचं ते झाकण मला पुढं कित्येक दिवस बघवेना.

आता ती मीटिंग. जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती.

वडीगोद्रीच्या बाजूला एक गाव आहे. तिथले शेतकरी आमच्यासाठी संकरित मिरचीच्या बियाण्याचे प्लॉट घ्यायचे. कंपनी नराचं आणि मादीचं बियाणं वेगवेगळं देते. शेतकरी दोन्ही लावतो. मग बाया मादी झाडाची एकेक कळी हातानं उघडून साफ करतात आणि तिला नराचा पराग लावतात. ‘क्रॉसिंग’ म्हणतात त्याला. डोळ्यांचं आणि बोटांचं काम, उन्हातान्हात. मग तयार बियाणं कंपनीत येतं, आम्ही त्यातलं थोडं पेरून बघतो, आणि झाडं भेसळीची निघाली तर सगळा लॉट फेल. फेल गेलेलं बियाणं कंपनी घेत नाही आणि बाजारात त्याला कुत्रं विचारत नाही.

त्या वर्षी त्या गावाचे सगळेच्या सगळे लॉट फेल गेले.

शेठनी ठरवलंच होतं, बायांनी क्रॉसिंगमध्ये हयगय केली, माल परत. बोलायचं काम बाईंकडं. गावाच्या वतीनं आबा आले होते. कंपनी सुरू झाली तेव्हापासून त्यांच्याकडं प्लॉट होता, पहिली पिशवी बाईंनीच त्यांना दिलेली. सोबत त्यांची सून, क्रॉसिंगच्या बायांची पुढारीण. टेबलाच्या टोकाला शेठ. बाई नेहमीसारख्या आबांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"आबा, तुमचं म्हणणं असं, की वर्षभराचं कष्ट मातीत गेलं."

"न्हाई बाई. ते हायच. पर तसं न्हाई."

"घरच्या बायांनी जीव लावून काम केलं, न् त्यांच्या हातावर बोट ठेवलं. ते लागलं."

सुनेनं पदर ओढला. आबा म्हणाले, "लागलं. पर बराबर न्हाई."

मी बघत होतो. आबांनी शेंगांना हातसुद्धा लावला नव्हता. असं कधी झालं नव्हतं.

बाईंनी माझ्याकडून झाडांचे फोटो मागून घेतले. बराच वेळ बघत राहिल्या. शेठ चुळबुळ करायला लागले. "बाई, जल्दी करा. चहा मागवू का?"

"हात चुकला असता," बाई फोटोकडं बघतच म्हणाल्या, "तर नराचा पराग लागलाच नसता न् झाडं मादीसारखी निघाली असती. ही तर तिसरीच जात हाय."

शेठ पुन्हा म्हणाले, "आधी चहा घेऊ." आवाजात विनंती होती. आता मलाही दिसलं होतं ते काय आहे.

बाईंनी खुर्ची आबांकडं वळवली.

"आबा, तुमचं म्हणणं असं, की आम्ही दिलेलं बियाणंच मिसळलेलं होतं. आन् त्या पिशव्या ह्या बाईनं स्वतः उभं राहून भरून घेतल्या होत्या, स्वतः तुमच्या ओट्यावर आणून ठेवल्या होत्या. बाईचं नाव कसं घ्यावं, म्हणून तुम्ही गप बसून राह्यले."

आबांची मान खाली गेली. "बराबर," ते म्हणाले. ऐकू येईल न येईल असं. सून रडायला लागली. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

बाई शेठकडं वळल्या. "शेठ, आता आपलं म्हणणं तुम्हीच सांगा. माझ्याजवळ काई न्हाई."

शेठ वाईट माणूस नव्हते. बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग "लॉट घ्या" म्हणाले आणि उठून गेले.

बाईंना कुणी जा म्हटलं नाही. फक्त त्यांना मीटिंगचा निरोप जायचा बंद झाला. हॉलमध्ये शेंगांऐवजी बिस्किटांच्या बशा आल्या. त्या केबिनमध्ये बसून भाकरी खायच्या, ठेच्याचा वास बाहेर यायचा, आणि एके दिवशी तोही यायचा थांबला. केबिन मला मिळाली. तिथं आजही ऊन पडलं की लसणाचा भास होतो, आता बोला!

मामूंनी मला नंतर एक गोष्ट सांगितली. त्या मीटिंगच्या आदल्या दिवशी वडीगोद्रीहून परतताना बाई जीपमध्ये आबांच्या तरफ से बोलत होत्या. बोलता बोलता मध्येच थांबल्या आणि जालना येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. "पूरा रस्ता खिडकी के बाहर देखते बैठे," मामू म्हणाले. म्हणजे बाईंना आधीच कळलं होतं? मग ती पहिली दोन चुकीची म्हणणी कशासाठी? शेठना स्वतःहून बोलायची संधी दिली की काय? की मनाची तयारी होत नव्हती? मी फार डोकं खाजवलंय यावर.

बाई त्याच गावच्या शेतकऱ्यांच्या गटाला मिळाल्या, हे मला उडत उडत कळलं होतं. गेल्या हंगामात कंपनीनं ठरवलं, की त्या गावचे प्लॉट बंद करून दुसऱ्या राज्यात न्यायचे. तिकडं मजूर मुबलक. शेठ म्हणाले, "तुझं तोंड चालतं, तू जाऊन सांग."

जीपमध्ये मामूंनी विचारलं, "आज किसके तरफ से?"

"कंपनी के," मी म्हणालो. मामूंनी आरशातून नजर काढून घेतली.

काय होणार हे मला माहीत होतं. ती विद्या मी जवळून बघितली होती, तिच्यावरच पोट भरत होतो. म्हणून पक्कं ठरवलं, काही झालं तरी ‘बराबर’ म्हणायचं नाही. मुंडी हलवायची, "बघू" म्हणायचं, निरोप सांगायचा, निघायचं.

गटाचं ऑफिस हायवेला लागून, खताच्या दुकानावर. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर शेंगा. आबा होते, बरेच थकलेले. त्यांची सून आणि आणखी दोघी-तिघी बाया भिंतीशी. प्लॉट गेला तर त्या बायांना ऊसतोडीला जावं लागणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. बाईंचे केस पांढरे झाले होते, बूट तेच. त्या उठल्या, स्वतःची खुर्ची उचलली आणि माझ्या शेजारी आणून ठेवली.

"साहेब, तुमचं म्हणणं असं," त्या म्हणाल्या. मला ‘साहेब’! चटका बसला. "की इथं मजुरी वाढली, तिकडं माणसं मुबलक. कंपनीला परवडत न्हाई."

"तसंही आहे," मी म्हणालो.

"आन् शेठचा निर्णय झालेला हाय. तुमच्या हातात काई न्हाई."

मी शेंगांकडं बघत राहिलो. हात लावला नाही.

बाई थांबल्या. लसणाचा वास आला. मग माझ्याकडं जरा झुकल्या आणि आवाज खाली आणला, भिंतीपाशी ऐकू जाणार नाही इतका.

"तुझं म्हणणं असं, की हा निरोप घेऊन दुसरं कुणी आलं असतं तर बरं झालं असतं. आन् आता आलोच हाव, तर इथं कुणी तरी हा निरोप मोडून काढावा. शेठला सांगता येईल असं काई तरी माझ्या हातात द्यावं, म्हणजे मला जाऊन भांडता येईल."

हे मी मामूंना बोललो नव्हतो, बायकोला बोललो नव्हतो. स्वतःलासुद्धा धड बोललो नव्हतो. माया की कावा, तेव्हाही कळलं नाही, आणि खरं सांगतो, तेव्हा त्याचं काही वाटलंही नाही.

"बराबर," मी म्हणालो.

भिंतीशी बसलेल्या आबांच्या सुनेनं मान वर केली. बाईंनी शेंगांचा ढीग माझ्याकडं सरकवला. मी एक उचलली, फोडली, आणि माझ्याच तोंडून शब्द बाहेर पडले.

"मंग आता काय करायचं, बाई?"